उशीवरचे पैसे

३ मार्च, सोमवार

आज कामाला लागलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा उमेदवारी. गावच्या पोस्टात रोजंदारीवर वीस वर्षं टपाल आणि मनीऑर्डरी वाटल्या, आता परक्या देशात चादरी घालायच्या. हॉटेल सात मजली आहे. मला चौथा मजला मिळाला, खोल्या सोळा. नोकरी मेहुण्याने लावली. तो खाली दारावर पाहुण्यांचं सामान उचलतो. सकाळी म्हणाला, "दाजी, लाजायचं नाही. इथे कुठल्या कामाला कुणी हसत नाही." मी म्हटलं, मी कुठे लाजतोय? पण लाजत होतोच.

जोडीला मावशी आहेत. आपल्याच भाषेच्या निघाल्या, ही देवाची कृपा. तेरा वर्षं इथे आहेत. सगळं हॉटेल त्यांना मावशी म्हणतं, परक्या मुलीसुद्धा, अर्थ न कळता. त्यांची कंबर धरते म्हणून पलंग माझ्याकडे. न्हाणीघर, आरसे, फरशी त्यांच्याकडे. ज्याचं काम त्याचं, दुसऱ्याच्या पलंगाला हात लावायचा नाही, हा मजल्याचा रिवाज, असं त्यांनी बजावलं. माझ्या कपाळावरचं गंध पाहून म्हणाल्या, "या महाराज, चादर ओढा." तेच नाव पडलं.

त्यांना वीस एप्रिलपासून रजा आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण. लग्नाला जाता आलं नव्हतं म्हणून या खेपेला जायचंच. दहा एप्रिलपर्यंत तिकीट काढून दाखवलं तर रजा पक्की, नाहीतर ती दुसरीला मिळणार. पगार सगळा गावी धाकट्याच्या शिक्षणाला जातो. मग तिकिटाचं कसं, असं मी विचारलं. त्यांनी उशीवर थाप मारली आणि हसल्या. कष्टाने, असं म्हणायचं असावं.

५ मार्च, बुधवार



पाहुणे निघून गेले होते ती खोली आवरायला घेतली, तर उशीवर नोटा. दोन. मधोमध ठेवलेल्या, एकीवर एक. मी दारातच थांबलो. माणूस चष्मा विसरतो, छत्री विसरतो. पैसे कसे विसरतो? आणि तेही उशीवर, डोळ्यांसमोर? या लोकांना पैशाची काही किंमतच नसावी.

तळमजल्यावर एक खिडकी आहे. पाहुण्यांच्या राहिलेल्या वस्तू तिथे द्यायच्या, असं पहिल्याच दिवशी मेहुण्याने दाखवलं होतं. लगेच गेलो. खिडकीतल्या माणसाने नोटा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मग नोटा परत माझ्याकडे सरकवल्या आणि बोटाने माझ्या छातीकडे खूण केली. मी हादरलो. मलाच ठेव म्हणत होता! इतक्या मोठ्या हॉटेलात, दिवसाढवळ्या! मी दोन्ही कान धरले आणि नोटा आत ढकलल्या. त्याने खांदे उडवले, वहीत नोंद केली, पाकीट चिकटवलं, माझी सही घेतली.

कुणाला सांगितलं नाही. चांगलं केलेलं बोलून दाखवलं की त्यातला कस जातो.

८ मार्च, शनिवार

चार दिवसांत पाच खोल्यांत पैसे सापडले. सगळे खिडकीत दिले. खिडकीवाला आता हसतही नाही, नुसती वही उघडतो.

काम संपल्यावर मावशी चादरींच्या खोलीत रेंगाळल्या. टॉवेल घडी केलेले होते ते पुन्हा उलगडून घडी केले. मग म्हणाल्या, "शनिवार आहे आज, महाराज."

"हो ना. उद्या सुट्टी."

"मग? काही द्यायचं-घ्यायचं?"

मी आठवून पाहिलं. त्यांचा साबण माझ्याकडे राहिला होता तो दिला. त्यांनी साबणाकडे बराच वेळ पाहिलं.

११ मार्च, मंगळवार

आज मन बिघडलं होतं, ते लिहून ठेवतो. एका खोलीत मोठी नोट होती. घरून कालच फोन आला होता. मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचेत. नोट खिशात घातली आणि तशीच तीन पलंग घातले. चौथ्याला चादरीचा कोपरा चुकला. आठवडाभरात एकदाही चुकला नव्हता. उतरलो आणि खिडकीत देऊन आलो. वर आल्यावर चादर पहिल्या झटक्यात बसली.

देव रोज उशीवर माझी परीक्षा मांडून ठेवतो. इतकं लांब आलो, पण त्याने पाठ सोडली नाही, याचं बरंही वाटतं.

१५ मार्च, शनिवार

मावशींनी आज कौतुक केलं. "उशा फार छान झटकता हो तुम्ही. काही म्हणून राहत नाही मागे."

मी म्हटलं, "सवय हळूहळू होतेय."

"ते दिसतंय. आधीच्या जोडीदारणीला तीन वर्षांत नाही जमलं."

डबा मात्र त्यांनी वेगळ्या बाकावर बसून खाल्ला. कंबर दुखत असेल.

२२ मार्च, शनिवार

मावशींना काय झालंय कळत नाही. सकाळी अचानक म्हणाल्या, "आठवडाभर अदलाबदल करू. पलंग मी घालते, न्हाणीघरं तुम्ही धुवा."

मी म्हटलं, "छे छे, तुमची कंबर! मी असताना तुम्हाला पलंग ओढू देईन का?"

"माझी कंबर मी बघते."

"नाही मावशी, माझ्या मनाला पटणार नाही. तुम्हाला लेकीकडे धडधाकट पोचायचंय."

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच खाली पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गंध लावून हे जमतं कसं रे तुला?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाल्या. जवळीक वाढली म्हणून असेल, पण आवाज तसा नव्हता. देवाधर्माचं आणि मेहनतीचं एकत्र कसं जमतं, असंच विचारायचं असेल.

३१ मार्च, सोमवार

काय लिहू? सकाळच्या हजेरीला मॅनेजरबाईंनी माझं नाव घेतलं. वाटलं, गेली नोकरी. तर त्यांनी मला पुढे बोलावून हात हातात घेतला! मग हात सोडून खिडकीवाल्याची वही उघडली. पान उलटायच्या आणि माझ्या सहीवर बोट ठेवायच्या. बरंच बोलल्या, मला दोन शब्द कळले, 'हा माणूस'. मग फोटो काढला. संध्याकाळी लिफ्टशेजारी चौकटीत लागलासुद्धा. खाली चार ओळी छापल्यात.

मेहुणा रात्रपाळीमुळे हजेरीला नव्हता. फोटो घरी पाठवला. बायको म्हणाली, "अहो, एवढा मान मिळाला, जरा हसायचं तरी! पोलिसांनी काढल्यासारखा आलाय."

एक गोष्ट खटकली. टाळ्या मॅनेजरबाईंनी वाजवल्या, ऑफिसातल्या दोघांनी वाजवल्या. बाकी चाळीस माणसं हात खाली सोडून उभी होती.

२ एप्रिल, बुधवार

कालपासून प्रत्येक खोलीत उशीजवळच्या टेबलावर नवी पाटी आली आहे. सोनेरी कड, छान आहे. पाणी जपून वापरा, असं काहीतरी असेल. खोली आवरली की पुसून सरळ करून ठेवतो.

पाटी आल्यापासून उशीवर एकही नोट नाही. पाहुणे सावध झाले. बरं झालं.

जेवणाच्या खोलीत मी बसलो की बाकावरची माणसं उठतात. लिफ्टवाल्याने मला पाहून दार बंद केलं. मान मिळालेल्या माणसाचा हेवा होतोच, असं मनाला समजावलं. पण मावशीही बोलत नाहीत. त्या हेवा करणाऱ्यातल्या नाहीत.

४ एप्रिल, शुक्रवार

आज जे ऐकलं ते कानांनी ऐकलं की आणखी कशाने, कळत नाही.

मी पाटी पुसत होतो. मावशी न्हाणीघरातून आल्या आणि ओल्या हाताने ती माझ्याकडून हिसकावून घेतली.

"वाचता येतं का तुला यावर काय आहे? मी वाचते थांब. 'आमचे कर्मचारी बक्षिसी घेत नाहीत. आपलं समाधान हीच त्यांची बक्षिसी.' कळलं? तुझ्या फोटोखाली पण तेच आहे. तू सगळी टिप परत केलीस, म्हणून मोठा!"

मी म्हटलं, "कसली टिप? मी टिप कधी घेतलीच नाही. ते तर विसरलेले पैसे..."

"उशीवर कोण विसरतं रे पैसे?"

हाच प्रश्न मलाही पहिल्या दिवशी पडला होता. पण मी तो देवाला विचारला. मावशींना विचारायला हवा होता.

त्या पलंगावर बसल्या. मी ताणलेल्या चादरीवर कधी कुणी बसत नाही. म्हणाल्या, "पगारात इथे कुणाचं भागत नाही, हे मालकालाही ठाऊक आहे. उशीवरचं धरूनच पगार ठरवतात. जाताना पाहुणा ठेवतो, पलंग घालणारा उचलतो, शनिवारी जोडीदाराला अर्धं देतो. तेरा वर्षं असंच चाललंय. मी महिनाभर तुझ्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, गंध लावणारा चोर आहे. मागायचं तरी कसं?"

"मावशी, एक पैसा जरी..."

"माहीत आहे! तेच तर! चोर असतास तर बरं झालं असतं. एकट्या माझं गेलं असतं. तू प्रामाणिक निघालास आणि सात मजल्यांचं घालवलंस."

मग पाटी जागेवर ठेवली, सरळ केली आणि म्हणाल्या, "सहा दिवस राहिलेत. लेकीला काय सांगू?"

५ एप्रिल, शनिवार

सकाळी मेहुण्याला गाठलं. तो डोक्याला हात लावून पायरीवर बसला.

"दाजी, पैसे उशीवर सापडतात हे तुम्ही मला एकदा तरी बोललात का?"

"पुण्य बोलून दाखवू नये म्हणून..."

"पुण्य!" तो ओरडला. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "माझी पण टिप बंद झालीय. दारावर पाटी लावलीय मोठी. आणि फोटो पाहून मला वाटलं, दाजी मुद्दाम हरिश्चंद्र झाले चौथ्या मजल्यावर, एवढंच बघायचं राहिलं होतं."

"तू मला टिपेचं आधी का नाही सांगितलंस?"

"ही काय सांगायची गोष्ट आहे? श्वास घ्या म्हणून सांगतं का कुणी?"

त्याला घेऊन मॅनेजरबाईंकडे गेलो. मी म्हटलं, "सांग त्यांना, माझी चूक झाली. ते पैसे आमचे आहेत. पाटी काढा." मेहुण्याचं भाषांतर पुरतं एक मिनिट चाललं. बाई हसल्या आणि माझा खांदा थोपटला.

बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगितलंस? दोनदा विचारल्यावर म्हणाला, "फोटोबद्दल तुमचे आभार मानले. दाजी, माझं घर यांच्या नोकरीवर चालतं. मालकाला पाटी आवडलीय. पाहुण्यांना पण आवडलीय. कोण सांगणार?"

बायकोचा सख्खा भाऊ.

६ एप्रिल, रविवार

सुट्टी. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या कष्टाचे पैसे तुम्हीच नेऊन दिलेत? आणि वर सही केलीत?" आणि हसायला लागली. हसता हसता रडते आहे हे उशिरा कळलं. मुलीचे वसतिगृहाचे पैसे तिने बांगडी ठेवून भरले, हे तेव्हा सांगितलं.

दिवसभर पोथी उघडून बसलो. एक ओळ पुढे सरकली नाही. डोळ्यांसमोर गावची एक म्हातारी येत होती. तिचा मुलगा दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचा. मी पैसे मोजून दिले की ती त्यातलं एक नाणं माझ्यापुढे धरायची. "चहाला ठेव रे बाबा." मी वीस वर्षं एकदाही घेतलं नाही. कान धरायचो, मागे सरायचो. ती हात तसाच धरून थोडा वेळ उभी राहायची, मग मिटून घ्यायची. मला वाटायचं, तिचं नाणं वाचलं, तिला बरं वाटत असेल. आज तो मिटणारा हात आठवला. तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. मी ते दर महिन्याला परत केलं, आणि घरी येऊन देवापुढे समाधानाने बसलो.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. मला माझ्या स्वच्छ हातांचं फार होतं.

७ एप्रिल, सोमवार

मावशींना म्हटलं, "मला इथल्या भाषेत दोन वाक्यं शिकवा. 'ते पैसे आमचे आहेत. पाटी काढा.'"

"कशाला? बोलणार आहेस?"

"हजेरीला बोलणार. सगळ्यांसमोर."

"घालवतील तुला."

"घालवू देत. तुमच्या हातात तीन दिवस आहेत."

त्यांनी शिकवलं. जीभ वळेना. त्या मधेच हसल्या, महिन्यात पहिल्यांदा. "अरे, गाय हंबरल्यासारखं नको. तोंड उघड जरा." दिवसभर चादरी घालताना नामाच्या जागी तीच दोन वाक्यं म्हणत होतो. देव रागावणार नाही असं वाटतं.

८ एप्रिल, मंगळवार

साडेसातची हजेरी. तळघरात चाळीस माणसं उभी. मॅनेजरबाई रोज शेवटी विचारतात, कुणाला काही सांगायचंय? रोज कुणी बोलत नाही. आज मी हात वर केला. बाई हसल्या. त्यांना वाटलं असेल, आदर्श कर्मचारी आभार मानणार.

मी म्हटलं, "ते पैसे आमचे आहेत. पाटी काढा."

शब्द सरळ बाहेर पडले. बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. त्यांनी काहीतरी विचारलं. मला समजलं नाही. माझ्याजवळ तेवढीच दोन वाक्यं होती, ती पुन्हा म्हटली. वाटलं होतं, आता मागून आवाज येतील. चाळीस माणसं, सगळ्यांचं नुकसान झालेलं. एक आवाज आला नाही. प्रत्येक जण आपल्या बुटांकडे बघत होता. जन्मात मला एवढं एकटं वाटलं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हटलं.

तेव्हा बाईंनी गर्दीत मेहुण्याला शोधलं आणि बोट केलं, याला काय म्हणायचंय ते तू सांग.

मेहुणा पुढे आला. चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे न बघता बोलला. या वेळी त्याचं भाषांतर माझ्या वाक्यांएवढंच होतं.

आणि मागून मावशींचा आवाज आला. तीच दोन वाक्यं. मग लिफ्टवाला. मग मला कळेना कोण कोण.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी पाट्या काढल्या. गोळा करून आणायचं काम मलाच दिलं. एकशेबारा होत्या. लिफ्टशेजारचा फोटो गेला, भिंतीवर पांढरा चौकोन उरलाय. खिडकीवाल्याने चौथ्या मजल्याची सगळी पाकिटं काढली. प्रत्येकाला माझी सही घेतली. शेवटचं पाकीट देताना पुन्हा बोटाने माझ्या छातीकडे खूण केली. या वेळी मी मान हलवली. पहिल्या दिवशी हा मला भ्रष्ट वाटला होता. त्याची माफी मागायला शब्द येत नव्हते, म्हणून हात जोडले.

पाकिटं न फोडता मावशींच्या हातात ठेवली आणि तसाच पळालो. संध्याकाळी त्यांनी तिकीट काढलं.

उद्यापासून मला तळघरात धुलाईला टाकलंय. शिक्षा असं कुणी म्हणालं नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, उशा तिथेही येतात, पण नुसते अभ्रे." मग म्हणाला, "आमच्यामुळे..." मी त्याला चहा पाजला.

१९ एप्रिल, शनिवार

धुलाईच्या खोलीत वाफ असते, आवाज असतो. पाहुणा कधी दिसत नाही. तिथे नाम चांगलं होतं.

आज मावशी आल्या. उद्या पहाटे निघणार. नवी साडी नेसून दाखवायला आल्या असं वाटलं. यंत्राच्या आवाजात मोठ्याने म्हणाल्या, "शनिवार आहे, महाराज!"

हातात पुडकं होतं. पाकिटांतल्या पैशांचा अर्धा वाटा, शिवाय या दहा दिवसांचा. या दहा दिवसांत मी चौथ्या मजल्यावर एक चादर घातलेली नाही.

माझं तोंड उघडलं. आतून तो शब्द निघालाच होता: नको. त्यांना वाटेत लागतील, बाळाला काही घ्यावं लागेल, माझा यावर काय हक्क, सगळं एका क्षणात जिभेवर आलं. आणि त्या हात पुढे धरून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या, घाबरल्यासारख्या.

मी तोंड मिटलं.

हाताला साबणाचा फेस होता. म्हणून त्यांनीच पुडकं माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि खिसा वरून दोनदा थोपटला.